एन-९५ मास्क धुऊन इस्त्री करायला सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या कालच्या अंकात तापाच्या साथीवर जी चौकट आली, तिच्यातली चौथी सूचना आज सकाळी दहाच्या आत एका औषध दुकानाच्या काउंटरवर येऊन पोहोचली. सत्तरीच्या एक आजी कात्रण आणि मास्क दोन्ही घेऊन आल्या होत्या. त्यांचे यजमान आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बसतात, तिथे आजूबाजूला सगळे खोकतात, म्हणून घरात एक एन-९५ जपून ठेवलेला. आपण छापलंत की तो गरम पाण्यात साबणाने धुवा, कडक उन्हात वाळवा, इस्त्री करा, पुन्हा वापरा. आजींनी त्यातलं अक्षरन् अक्षर पाळलं. मास्क नव्यापेक्षा पांढरा दिसत होता. फक्त नाकाच्या पट्टीजवळ इस्त्री लागली तिथे तो आकसून कडक आणि चकचकीत झाला होता, आतली स्पंजाची पट्टी सुटली होती आणि इलास्टिक ताणून सोडलं तरी मागे येत नव्हतं. "भाऊ, आते हाऊ चाली ना?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

नाही चालणार. आणि का नाही, हे आपल्या चौकटीत यायला हवं होतं.

एन-९५ मध्ये सुती कापड नसतं. बाहेरचे थर आधाराला असतात, खरं काम मधला थर करतो. तो पॉलिप्रॉपिलीन वितळवून, हवेच्या झोताने ओढून केलेल्या अतिबारीक तंतूंचा असतो आणि त्या तंतूंवर कारखान्यातच विद्युतभार चढवलेला असतो. थंडीच्या कोरड्या हवेत जिनिंगमधून आलेल्या माणसाच्या टेरिलीनच्या शर्टाला रुई कशी चिकटून बसते, तसे हवेतले कण या तंतूंना चिकटतात. साबणाच्या पाण्याने हा भार जातो. सॅनिटायझर फवारला तरी जातो. वर इस्त्री फिरवली तर आणखी नुकसान, कारण पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं आणि सुती कपड्यांसाठी इस्त्री २०० च्या आसपास तापते. भार गेलेला मास्क डोळ्यांना स्वच्छ दिसतो, नाकाला धुतल्याचा वास येतो आणि माणूस निर्धास्त होऊन खोकणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसतो. मळका मास्क माणूस निदान टाकून तरी देतो.

त्याच लेखात वर एक वाक्य आहे, की विषाणू मास्कच्या छिद्रांपेक्षा बारीक असतो, म्हणून मास्क निरुपयोगी. मास्क म्हणजे पीठ चाळायची चाळणी नव्हे. मोठे कण वेगामुळे वळू शकत नाहीत आणि तंतूंवर आदळतात. अगदी बारीक कण हवेत सैरभैर भटकतात आणि भटकता भटकता तंतूला लागतात. अडवायला सगळ्यात अवघड असतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, आणि एन-९५ ची ९५ टक्क्यांची कसोटी नेमकी त्यांच्यावरच घेतात. शिवाय फ्लूचा किंवा करोनाचा विषाणू एकटा उडत येत नाही. तो थुंकी-शेंबडाच्या कणांत बसून येतो, आणि ते कण त्याच्यापेक्षा मोठे असतात.

मग एकच मास्क पुन्हा वापरायचा कसा? चार-पाच मास्क घ्या. प्रत्येकासाठी कागदाची वेगळी पिशवी ठेवा, प्लास्टिकची नको, कारण तिच्यात ओल कोंडते. पिशवीवर वार लिहा. सोमवारचा मास्क उतरवला की सोमवारच्या पिशवीत, सावलीत, थेट पुढच्या फेरीपर्यंत. साधारण पाच वेळा वापरला की टाकायचा. त्याआधीच ओला झाला, श्वासाला जड लागू लागला किंवा इलास्टिक सैल पडलं, तर तेव्हाच टाकायचा. विकत घेताना पाकिटावर आयएस ९४७३ आणि एफएफपी२ हा शिक्का पाहा. तो एन-९५ च्या तोडीच्या मास्कसाठीच्या भारतीय मानकाचा आहे. बरणीतून सुटा काढून दिलेला मास्क घेऊ नका.

घालताना नाकावरची पट्टी एका हाताच्या चिमटीत दाबली की मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांच्या बोटांनी ती मधून बाहेरच्या बाजूला दाबत न्यायची. मग मास्कवर दोन्ही तळवे ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर वर फट आहे. श्वास आत घेतल्यावर मास्क किंचित चेहऱ्याकडे ओढला गेला पाहिजे. दाट दाढीवर तो कधीच नीट बसत नाही. लेखासोबतच्या फोटोत मास्क वाटणाऱ्या तिघांपैकी दोघांची नाकं उघडी आहेत आणि तिसऱ्याच्या मास्कला झडप आहे. झडपेतून सोडलेला श्वास गाळला न जाता तसाच बाहेर पडतो. तो मास्क वापरू नका, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जुलै २०२० मध्येच राज्यांना कळवलं होतं.

एन-९५ सगळ्यांना परवडत नाही, हे मान्य. तीन पदरी निळा मास्कही कामाचा आहे, त्याची अडचण गालावरच्या फटींची. निळी बाजू बाहेर, चुण्या खाली उतरत्या, कानाच्या दोरीला मास्कच्या कडेजवळ गाठ मारायची आणि उरलेली चुणी आत खोचायची. किंवा त्यावर घट्ट सुती मास्क चढवायचा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये पुतळ्याच्या तोंडून खोकला काढून मोजमाप प्रसिद्ध केलं होतं. निळ्या मास्कने एकट्याने खोकल्यातले ४२ टक्के कण अडवले, सुतीने ४४, दोन्ही एकावर एक घातल्यावर ९२. त्यातला बराचसा फरक फटी बुजल्याचा आहे.

बागायतदार रुमाल आपल्याकडे उन्हासाठी आणि फुफाट्यासाठी आहे, तिथे त्याला तोड नाही. तो बल्बसमोर धरून पाहा, विणीतून उजेड दिसेल. खोकणाऱ्याने दुसरं काही नसेल तर तोच बांधावा, मोठे थेंब तरी अडतील. पण दवाखान्यात आजाऱ्याजवळ बसणाऱ्याने त्यावर विसंबू नये. आपण दोघांनाही रुमाल बांधा, असा एकच सल्ला दिलात.

आणि मास्कने साथ कमी होते का, यावर आपण एका ओळीत निकाल देऊन मोकळे झालात. बांगलादेशात २०२०-२१ मध्ये ६०० गावांत मोठी चाचणी झाली. जिथे मास्क वाटून पाठपुरावा केला, त्या गावांत तो नीट घालणारे ४२ टक्के भरले, बाकीच्या गावांत १३ टक्केच. शस्त्रक्रियेचा मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेली, रक्ततपासणीत सिद्ध झालेली लागण सुमारे ११ टक्क्यांनी कमी भरली, साठीपुढच्यांत ३५ टक्क्यांनी. तेही निम्म्याहून जास्त लोक मास्क नीट न घालता हिंडत असताना.

जाता जाता कूलरचं. मार्च लागला, जळगाव-भुसावळकडे कूलर निघाले, आणि आपल्या चौकटीत "खिडक्या बंद ठेवा" आहे. ही साथ बंद खोलीतच फोफावते. कूलर खिडकीच्या बाहेर बसवला तर तो सतत ताजी हवा आत ढकलतो, पण ती निघायला समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं लागतं. तसं केलं की खोलीही जास्त गार होते, चिकचिक राहत नाही. कूलर खोलीतच ठेवून सगळं बंद केलं, तर खोकणाऱ्याने सोडलेली हवाच दमट होऊन घरभर फिरते. स्प्लिट एसीचंही तेच, तो बाहेरची हवा आत घेत नाही. दवाखान्यांच्या वेटिंगमध्ये तरी, जिथे वीस-पंचवीस माणसं तास तासभर बसतात, एक खिडकी उघडी ठेवा असं आपण छापायला हवं होतं.

दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी आणि ती शनिवारच्या अंकात यावी, ही विनंती. रविवारी घरोघरी धुणं निघतं.

आपला,
एक औषध विक्रेता, अमळनेर