त्या उतारावरून आम्हाला मागे वळवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपडीवर, त्या हटवर, पोचलो तेव्हा थंडीनं दातखीळ बसली होती, आणि पहाटे आम्हाला जाग येण्याआधीच तुम्ही आणि तुमची सोबतीण निघून गेला होतात. म्हणून हे उघडं पत्र. कुणाच्या तरी हातून ते तुमच्यापर्यंत पोचावं, एवढीच इच्छा.

आठवत असेल तुम्हाला, झाडांची शेवटची रांग संपते तिथे आपली गाठ पडली. आम्ही चौघं मित्र, पायांत स्नोशू, पाठीवर जड सॅक. दोन दिवस वाऱ्यासकट बर्फ पडून गेल्यावर आभाळ लख्ख उघडलं होतं. समोरच्या मोकळ्या उताराच्या माथ्यावर हटचं छप्पर दिसत होतं. फार तर पाऊण तासाचं अंतर. आमची मनं कधीच तिथे जाऊन पोचली होती.

तुम्ही विचारलंत, "एकमेकांचे बीकन तपासलेत का?" बीकन म्हणजे हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाला सिग्नलवरून शोधायचं, अंगावर बांधायचं यंत्र. आम्ही माना डोलावल्या. खरं तर नुसते चालू केले होते. तुम्ही आम्हाला एकेकाला तुमच्या समोरून चालत जायला लावलंत. तिसरा गेला आणि तुमच्या हातातलं यंत्र गप्पच राहिलं. त्याचा बीकन शोधायच्या मोडवर होता, म्हणजे सिग्नल सोडतच नव्हता. तो गाडला गेला असता तर आम्ही तिघं तीन बीकन घेऊन त्या 457 किलोहर्ट्झच्या सिग्नलची वाट बघत बसलो असतो. बर्फाखालच्या माणसाला पहिल्या 10-15 मिनिटांत काढलं तर तो बहुतेक वेळा वाचतो, त्यानंतर आशा झपाट्यानं मावळते, हे आम्ही वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, इतकंच.

मग तो आवाज. चार पावलं पुढे गेलो आणि सपाटीवरच पायाखालून 'हुप्प' झालं, जाड गादीवर कुणी धपकन बसावं तसं. आमच्यातला एक हसला. तुम्ही हसला नाहीत. फावडं काढून तिथेच कमरेएवढा खड्डा खणलात आणि त्याच्या तळाजवळचा मूठभर बर्फ माझ्या हातमोज्यावर ठेवलात. "याचा गोळा करून दाखवा." होईना. दाणेदार साखरेसारखा तो बोटांमधून गळून गेला. त्याच्या वरचा थर मात्र वाऱ्यानं दाबून फळीसारखा टणक झालेला. फळी साखरेवर टेकलेली, आणि आम्ही त्या फळीवर चालायला निघालेलो. तुम्ही उताराचा कोन मोजलात: 36 अंश. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावरच होतात, आणि माणसं दगावतात तिथे बहुतेकदा तो बर्फ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सोडवलेला असतो, हेही तुम्ही तिथेच सांगितलंत. आवाज न चढवता.

आणि मग विचारलंत, "तुमच्यात 'नको' म्हणायचं काम कुणाचं?"

कुणाचंच नव्हतं. पंधरा वर्षांची मैत्री आहे आमची, पण हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. प्रत्येक जण दुसऱ्याच्या उत्साहाकडे बघून चालत होता. मला त्या सकाळपासून धास्ती वाटत होती आणि मी ती बोललो नव्हतो. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

तुम्ही आमच्यासाठी स्वतःची वाट सोडलीत. दाट झाडीतल्या मंद उताराच्या सोंडेवरून वळसा घालून नेलंत, पुढे राहून गुडघाभर बर्फ तुडवत. पाऊण तासाचे तीन तास झाले, शेवटचा तास हेडटॉर्चच्या उजेडात.

हटवर आमच्या धाकट्याचे बूट काढले तर बोटं मेणासारखी पांढरी. तो घाईनं चोळायला लागला, तुम्ही त्याचा हात धरलात. शेगडीजवळही नेऊ दिलं नाहीत, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही म्हणून. मग तुम्ही जाकिटाची चेन उघडलीत आणि त्याची गारठलेली पावलं स्वतःच्या पोटाशी धरून बसलात. अनोळखी मुलाची पावलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. रक्त परत येताना तो कळवळून रडला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "रड, दुखतंय हे चांगलं आहे." शेगडीचा विषारी वायू आत साचू नये म्हणून झोपण्याआधी खिडकीची फट उघडी आहे ना, हेही तुम्हीच उठून पाहिलंत.

सकाळी चुलीपाशी फोडलेली लाकडं होती आणि पातेलंभर वितळवलेलं पाणी. बाहेर तो उतार जसाच्या तसा, एक ओरखडा नाही. "म्हणजे जाता आलं असतं," आमच्यातला एक म्हणाला. त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. उतार कोसळला असता तर तुमचे आभार मानणं सोपं होतं. तो कोसळला नाही, आणि तरीही तुमचं बरोबर होतं, हे पचायला आम्हाला दिवस लागले. कदाचित आम्ही पार झालो असतो. आणि मग पुढच्या हिवाळ्यात अशाच एखाद्या उतारावर, "मागच्या वेळी काही झालं नव्हतं" म्हणत, बेलाशक शिरलो असतो. तुम्ही ती पुढची वेळही आमच्या वाटेतून काढून टाकलीत.

आता निघताना आम्ही एकेक करून एकमेकांसमोरून चालत जातो. "नको" म्हणायचं काम चौघांचंही आहे. एकानं म्हटलं की वळायचं, कारण विचारायचं नाही. यंदा दोनदा वळलो. एकदा मी म्हणालो होतो.

धाकट्याची बोटं शाबूत आहेत, फक्त करंगळीचं नख गेलं होतं, तेही नवीन आलंय. त्याच्या पायात तुम्ही घातलेले तुमचे करडे लोकरी मोजे आमच्याकडेच राहिलेत. धुऊन, घडी करून ठेवलेत. दर खेपेला सॅकमध्ये घेतो, तुम्ही कुठल्यातरी हटवर भेटाल म्हणून.

तुमचे,
आम्ही चौघं