बाहेरचं खाऊ नको म्हणणारा गाडीवाला

बाळा,

फोनवर हे सगळं राहून जातं, तू लॅबमधे असतेस, मी गाडीवर असतो आणि मधेच आईला काहीतरी अर्जंट विचारायचं असतं, म्हणून टाईप करून पाठवतोय. सावकाश वाच, जेवताना वाचलंस तर जास्त बरं.

दोन वर्षं तुझ्यामागं माझं एकच टुमणं होतं, रोज बाहेरचं खाऊ नको, खोलीवर काहीतरी करत जा. आई हसायची, म्हणायची बावीस वर्षं रंकाळ्यावर लोकांना भेळ चारतोय आणि पोरीला सांगतोय बाहेरचं खाऊ नको. पण तैवानला तुझ्याकडं आलो, शिन्चू शहरातली तुझी ती खोली बघितली आणि माझं तोंडच बंद झालं. खाट, टेबल, कपाट, संपलं. गॅस ठेवायला जागा नाही आणि परवानगी पण नाही. इथं भाड्याच्या बऱ्याच खोल्या अशाच असतात, लोक भूक लागली की खाली उतरतात असं तू म्हणालीस तेव्हा मला वाटलं पोरगी बापाला गुंडाळतेय, मग तू आम्हाला त्या देवळात घेऊन गेलीस.

देवळात म्हणजे काय, देव दिसायच्या आधी कढया दिसल्या की गं. छंगह्वांग, शहराचा रखवालदार देव, माणसांच्या पापपुण्याचा हिशोब ठेवणारा, देऊळ १७४८ चं, आणि त्याच्या अंगणात छपराखाली सगळे खाण्याचे गाळे, उदबत्तीचा धूर आणि सूपाची वाफ एकत्रच नाकात जाते. आपल्याकडे देवळाबाहेर पेढेवाले असतात, इथं देवानं गाडीवाल्यांना आतच घेतलंय. तू म्हणालीस तैवानातली बरीच जुनी नाईट मार्केटं अशी देवळाच्या आसऱ्यानंच वाढली, लोक दर्शनाला येणार, भूक लागणार, कोणीतरी चूल मांडणार. हे मला कोणी समजवायला नको, जत्रेत धंदा केलाय मी. तिथल्या तांदळाच्या शेवया खाल्ल्या, त्या बारीक, आणि शिन्चूचा तो बोचरा वारा आहे ना ज्यात आईचं डोकं दुखलं, त्याच वाऱ्यावर त्या वाळवतात हे ऐकल्यावर आईनं वाऱ्याला शिव्या देणं बंद केलं. वाळवणाला वारा लागतो हे तिला बरोबर कळतं.

पण माझं मन बसलं ते तैपेईच्या राओह नाईट मार्केटवर. स्टेशनातून बाहेर आलो की समोर ते माझूचं देऊळ, समुद्राची देवी, १७५३ चं म्हणालीस, आणि त्याला लागूनच गल्लीची कमान. मार्केट १९८७ पासूनचं, एक सरळ रस्ता, गर्दीबरोबर उजव्या बाजूनं चालत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं परत यायचं, कोणी मधे आडवं घुसत नाही. मी तर खाण्यापेक्षा हातांकडंच बघत होतो. तोंडाशीच ती मिरीच्या बनची रांग, एक माणूस कणीक तोडतोय, दुसरा मिरी लावलेलं डुकराचं मटण भरतोय, ते तसंच कांद्याच्या पातीत दाबतोय, वरून तीळ, आणि तिसरा हात घालून भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवतोय, अगदी तंदूर. कोणी कोणाला काही सांगत नाही, ओरडत नाही. त्या बनचं नाव मिशेलिनच्या, म्हणजे खाण्याच्या त्या नावाजलेल्या गाईडच्या, यादीत आहे म्हणे, पण मला विचारशील तर खरी गोष्ट ही की त्यांच्याकडं दुसरा पदार्थच नाही. मी भेळ, पाणीपुरी, रगडा, उन्हाळ्यात सरबत पण ठेवतो आणि चारही ठिकाणी माझं लक्ष निम्मंच असतं. तिथं ज्याच्या त्याच्या गाडीवर एकच जिन्नस, फार तर दोन, आणि गिऱ्हाईक चार गाड्यांवर फिरून आपलं ताट पुरं करतं.

(पहिला घास घेताना जीभ भाजली ते तू व्हिडिओत काढलंयस, तो फॅमिली ग्रुपवर टाकू नको.)

कालवांचं आम्लेट मला झेपलं नाही, खरं सांगतो. कालवं छान होती, अंडं, पालेभाजी सगळं ठीक, पण रताळ्याच्या पिठाची ती चिकट साय आणि वरून गोड गुलाबी सॉस, कोकणातल्या माणसाला दाखवलं तर रडेल. तू म्हणालीस हे असं चिवट चिकटच त्यांना आवडतं, त्याला ते क्यू म्हणतात, आणि फारच आवडलं तर क्यूक्यू. बरं. डुकराच्या रक्ताची ती वडी मात्र तू मला घाबरत घाबरत दाखवलीस, अगं आपण रक्ती खाणारी माणसं, त्यात काय. चिकट तांदळात रक्त घालून वाफवलेलं, काडीला लावून शेंगदाण्याच्या कुटात घोळवलेलं, वर कोथिंबीर. एकदम आपलं. वासाच्या टोफूचं काय लिहू, अर्धी गल्ली आधीपासूनच आईनं पदर नाकाला लावला होता, मला तर बोंबलाच्या वाळवणाची आठवण आली, आणि तळून वर आंबवलेला कोबी घातल्यावर वास राहतो बाहेर, आत सगळं मऊ पनीर. अर्धी प्लेट मीच संपवली, आईला हे सांगितलेलं नाही.

आईची तर मला काळजीच होती, सोमवार, कांदा लसूण नको. आणि तिनंच शोधलं बघ, एका गाडीच्या पाटीवर स्वस्तिक! आपल्यापेक्षा उलट्या बाजूला वळलेलं, पण स्वस्तिक. तिला वाटलं कोणी गुजराती आहे. मग तू सांगितलंस की ती बौद्ध शाकाहाराची खूण, ‘सू’ म्हणतात, आणि त्यात कांदा लसूण पात काहीच चालत नाही. म्हणजे बारा महिने चातुर्मासच की. ‘वो छ सू’, म्हणजे मी शाकाहारी, हे तिनं तिथंच पाठ केलं आणि आता इथं शेजारणींना ऐकवते. फक्त एक लक्षात ठेव, साध्या गाडीवर भाजी दिसली तरी वरच्या रश्श्यात चरबी असू शकते, तुझी ती जैन मैत्रीण येणार आहे ना, तिला पाटी बघूनच ने.

तो मोत्यांचा चहा मला आवडला पण मोती म्हणजे साबुदाण्याचाच मोठा भाऊ, साबुकंदाच्याच पिठाचा, एकादशीला चालला पाहिजे असं मी म्हणालो तर आई म्हणाली चहाचं काय ते आधी ठरवा. आणि तो पहिला कोणी काढला यावरून ताइचुंगचं छुन श्वेइ थांग आणि ताइनानचं हानलिन ही दोन चहाची दुकानं दहा वर्षं कोर्टात भांडली, २०१९ ला कोर्टानं सांगितलं की हा कोणीही बनवू शकतो, वाद कशाला. हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याकडं मिसळीवरून कोर्टात गेले नाहीत हेच नशीब.

मेट्रोत तू माझ्या हातावर फटका मारलास त्याचा मला तेव्हा राग आला होता. पाण्याची बाटलीच उघडत होतो. पण १५०० ते ७५०० त्यांचे डॉलर दंड, आपल्या अडीच-तीन रुपयांनी गुणलं आणि मी बाटली पिशवीत तळाशी ठेवली. कचऱ्याचं पण तसंच, रस्त्यावर डबा नाही, काड्या आणि पिशव्या हातात घेऊन फिरायचं, आणि खोलीवर आल्यावर ती गाडी बीथोवनची धून वाजवत येते तेव्हा सगळी गल्ली पिशव्या घेऊन पळते. आपली घंटागाडी, फक्त क्लासिकल.

खरेदीचं आईला विचार. मोजे, केसांचे चाप, मोबाईलची कव्हरं, एवढंच घेतलं पण तास गेला. खाण्याच्या गाडीवर घासाघीस करायची नसते हे तिला पटलं, कपड्यांवर मात्र तीनचार एकदम घेतले की कमी करतात म्हटल्यावर तिनं तीनचारच घेतले. मी फुगे फोडायच्या बंदुकीवर पैसे घालवले, बक्षीस काहीच नाही, त्याबद्दल बोलायचं नाही.

तैपेईच्याच शिलीन नाईट मार्केटची एक गोष्ट मात्र तुला सांगितलीच नाही. तू च्येनथान स्टेशनाकडं मेट्रोचं कार्ड भरायला गेलीस तेव्हा बाजूच्या गल्लीत लोक रस्त्यावरच कपडे, चपला मांडून बसले होते, कोणीतरी लांबून काहीतरी ओरडलं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळा माल चाकांवर, गल्ली रिकामी, मागून दोन पोलीस निवांत चालत आले. पाचेक मिनिटांनी सगळे परत जागेवर. मी एकटाच हसत होतो, आई म्हणाली काय झालं. अगं आपल्याकडं अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसली की मी पण असंच करायचो, तू लहान होतीस, चिंचेच्या पाण्याचं भांडं धरून पळायचीस, आठवतं का? मला वाटायचं तुला त्याची लाज वाटत असेल. कधी विचारलं नाही.

असो. आता कामाचं. ते शेंगदाण्याचं आईस्क्रीम, चिक्कीचा मोठा ठोकळा, त्यावर सुताराचा रंधा मारून भुगा काढतात, पातळ पोळीवर भुगा, वर अळकुड्याचं आईस्क्रीम, वर कोथिंबीर आणि गुंडाळी. कोथिंबीर बघून मी नको म्हणालो होतो आणि मग दोन खाल्ले. इथं आल्यावर नवा रंधा आणलाय. कुल्फीवर करून बघितलं, पण माझी चिक्की पातळ, रंधा लागला की तुकडे उडतात, भुगा होतच नाही, आणि गुळाच्या पाकाला ऊन लागलं की रंध्यात अडकून बसतो. तू राओहला गेलीस की ते आईस्क्रीम विकणाऱ्या बाईंना विचार, पाक कितपत घट्ट करतात आणि एवढा जाड ठोकळा थापतात कसा. आणि कोथिंबीर चिरतात की पानं खुडून घालतात तेवढं बघून ये, मी बघायचं विसरलो.

तुझा
पप्पा