ऐनवेळी ठरवणारा मतदार

संपादक महोदय,
मे २०२४ ला कोल्हापूरनं काँग्रेसच्या शाहू महाराजांना दीड लाखाचं लीड देऊन खासदार केलं आणि नोव्हेंबरात विधानसभेला जिल्ह्यातल्या दहापैकी एकही जागा काँग्रेसला दिली नाही, एवढी उलथापालथ नुसत्या पक्क्या कार्यकर्त्यांनी होत नसते, ऐनवेळी ठरवणारे लोक पण लागतात. हातकणंगलेत लोकसभेला फरक साधारण १३ हजारांचा, म्हणजे सातेक हजारांनी बाजू बदलली असती तरी निकाल फिरला असता, कारण असं मत इकडं वजा होतं आणि तिकडं जमा. तरी प्रचाराचा सगळा जोर आपल्याच गटाच्या मेळाव्यांवर! ऐनवेळी ठरवणाऱ्या या लोकांना पंचगंगेचा पूर, रस्ते, पाणी यावर बोलायचं असतं, त्यांच्या दारात जाऊन ऐकून घ्या की.
– एक मतदार, कोल्हापूर