हिरवा कंदील जपून दाखवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘अमुक प्रकल्पाला हिरवा कंदील’ हा मथळा आपल्याकडे सारखा वाचायला मिळतो. इंग्रजीतल्या ‘ग्रीन लाइट’सारखाच हाही रेल्वेतला शब्दप्रयोग. मी रेल्वेत गार्ड होतो, म्हणून अशी बातमी शेवटपर्यंत वाचतो. पुष्कळदा आत निघते ती तत्त्वतः मान्यता, नाहीतर नुसती सर्वेक्षणाची मंजुरी.

रात्री गार्डाचा हिरवा दिवा हलण्याआधी बरंच काही झालेलं असतं. स्टेशन मास्तरने पुढच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर घेतलेली असते, म्हणजे मधला रस्ता रिकामा आहे याची खात्री. पॉइंट, म्हणजे रूळ बदलायचे सांधे, लागून लॉक झालेले असतात, मगच स्टार्टर, म्हणजे गाडी सुटण्याचा सिग्नल, देता येतो. स्टार्टर लाल असेल तर मागून गार्डाने कितीही हिरवा दाखवला तरी ड्रायव्हर गाडी हलवत नाही. सुरुवातीच्या काळात ब्रिटनच्या रेल्वेत पांढरा दिवा म्हणजे मार्ग मोकळा आणि हिरवा म्हणजे सावधान असं होतं. पण लाल काच फुटली की धोक्याचा सिग्नलही पांढराच दिसायचा. पुढे मोकळ्या मार्गासाठी हिरवा आला. इतक्या विचाराने ठरलेला हा रंग आहे.

परळी–बीड–नगर रेल्वेमार्ग घ्या. सुमारे 261 किलोमीटरचा हा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला. खर्च केंद्राने आणि राज्याने निम्मा निम्मा उचलायचा ठरला, भूसंपादन रेंगाळलं, आणि बीडच्या फलाटावर गाडीला हिरवा झेंडा दिसला तो 17 सप्टेंबर 2025 रोजी. मंजुरीनंतर जन्मलेली पोरं तोवर तिशीला आली होती. मंजुरी कागदावर खरीच होती, पण पुढची लाइन मोकळी नव्हती. मंजुरीच्या बातमीवर विसंबून माणसं जमिनीचे व्यवहार करतात, मुलाच्या नोकरीची गणितं मांडतात. म्हणून मला हे लहान वाटत नाही.

माझी विनंती एवढीच आहे. तत्त्वतः मान्यता असेल तर मथळ्यातही ‘तत्त्वतः मान्यता’च छापा. प्रशासकीय मान्यता, निधीची तरतूद, भूसंपादन, निविदा, कार्यादेश यांपैकी काय झालं आणि काय राहिलं, हे बातमीत दोन ओळींत द्या. कार्यादेश निघाला, जमीन ताब्यात आली, की हिरवा कंदील खुशाल आठ कॉलमी छापा.

आपला,
एक निवृत्त गार्ड, दौंड