ऑस्बर्नचे दरबार दालन आणि कारागिरांची नावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुटीत परदेशी निघणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आपल्या रविवार पुरवणीत जी प्रवासवर्णने येतात, त्यांत इंग्लंड म्हटले की लंडनचा राजवाडा आणि विंडसरचा किल्ला यांपलीकडे सहसा कोणी जात नाही. मागच्या वर्षी मुलाकडे गेले असता आइल ऑफ वाइट या बेटावरचे ऑस्बर्न हे व्हिक्टोरिया राणीचे घर मी अख्खा दिवस काढून पाहिले. तेथे जे दिसले ते आपल्याकडच्या राजवाड्यांच्या संदर्भातही बोलण्याजोगे आहे, म्हणून हे पत्र.

साउदॅम्प्टनहून बोटीने तासाभरात ईस्ट काउजला उतरता येते आणि तेथून ऑस्बर्न जवळच आहे. दरबारी रिवाजापासून दूर, मुलाबाळांत राहता यावे म्हणून राणीने व तिचे पती अल्बर्ट यांनी १८४५ मध्ये ही मालमत्ता विकत घेतली, जुने घर पाडून नवे बांधले आणि समुद्रापर्यंत उतरत जाणाऱ्या जमिनीवर झाडे लावली. २२ जानेवारी १९०१ रोजी राणीचे निधनही याच घरात झाले. बागेच्या एका टोकाला लाकडी स्विस कॉटेज आहे. त्याच्या शेजारी नऊही मुलांना भाजीपाल्याचे वाफे नेमून दिलेले होते आणि मुलांनी पिकवलेली भाजी अल्बर्ट बाजारभावाने विकत घेत असत. प्रत्येकाच्या नावाची आद्याक्षरे रंगवलेल्या त्या छोट्या हातगाड्या आजही तेथे सांभाळून ठेवल्या आहेत.

पण माझे पाय अडखळले ते घराच्या दरबार दालनात. पांढऱ्याशुभ्र गिलाव्यात छतापासून भिंतींपर्यंत जाळी, वेलबुट्टी, शेकोटीवर पिसारा फुलवलेला मोर आणि चक्क आपला गणपती! १८९० ते ९१ या काळात सजवलेले हे दालन लाहोरच्या मेयो कला शाळेतील भाई राम सिंग यांच्या हातचे. सुतारकाम करणाऱ्या शीख घराण्यातला हा माणूस पुढे त्याच शाळेचा प्राचार्य झाला आणि अमृतसरच्या खालसा कॉलेजची देखणी इमारतही त्यांच्याच आराखड्यानुसार उभी राहिली. ज्याने खोली घडवली त्याची ओळख तेथे येणाऱ्याला करून दिली जाते, एवढेच नव्हे तर राणीने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्यांचे चित्रही काढून घेतले होते.

दालनाकडे नेणाऱ्या लांब मार्गिकेत स्वोबोडांनी काढलेली हिंदी माणसांची चित्रे लावली आहेत. त्यांतली बरीचशी जेमतेम वहीच्या पानाएवढी आहेत, त्यामुळे अगदी जवळ जाऊन पाहावी लागतात. लंडनमध्ये १८८६ साली भरलेल्या वसाहतींच्या प्रदर्शनासाठी हिंदुस्थानातून कारागीर नेले होते, त्यांपैकी अनेक जण आग्र्याच्या तुरुंगातले. त्यांच्यातला बक्षीराम हा कुंभार, वय सुमारे १०२ वर्षे सांगितलेले. पांढरी दाढी, थकलेले पण रोखून पाहणारे डोळे. त्या चित्रासमोर मी किती वेळ उभी होते, हे मला सुनेने हाक मारल्यावर कळले. या माणसांना प्रदर्शनात गर्दीपुढे वस्तूंसारखे मांडले गेले, याचा राग मला तेथेही आला आणि आजही येतो. हे वैभव कोणाच्या सत्तेतून आले हे विसरून मी लिहीत नाही. तरीही बक्षीराम कुंभाराचे नाव सव्वाशे वर्षांहून अधिक काळ त्याच्या चेहऱ्यासोबत टिकले, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

परत आल्यावर दिवाळीत आपल्याकडचा एक संस्थानी वाडा पाहायला गेले. सागवानी खांबांवर कोरलेली कमळे अशी की पाकळीच्या कडेवर बोट फिरवले तर तिची धार जाणवावी. हे कोणी कोरले, असे मार्गदर्शकाला विचारले, तर ‘राजेसाहेबांनी बांधून घेतलं’ एवढेच उत्तर मिळाले. त्या मुलाचा दोष नाही, त्याला तेवढेच शिकवले आहे. कोल्हापूरचा नवा राजवाडा मेजर मँट यांनी आखला, हे आपण अभिमानाने सांगतो. मग तेथला दगड घडवणाऱ्या पाथरवटांची आठवण का ठेवू नये?

आपल्याकडे कागदपत्रांचा दुष्काळ नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, रचून ठेवलेले आहेत, अनेक जुन्या घराण्यांकडे खासगी दप्तरे आहेत. बांधकामाचे जमाखर्च धुंडाळले, तर मजुरी व इनाम घेणाऱ्या सुतारांची, गवंड्यांची, चिताऱ्यांची काही नावे हाती लागण्याची मोठी शक्यता आहे. पुरातत्त्व खात्याने आणि राजवाडे सांभाळणाऱ्या विश्वस्तांनी एकेका वास्तूपासून हे काम सुरू करावे, सापडेल ते नाव दारातल्या फलकावर मराठीत लिहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोडी वाचणाऱ्यांना आपल्या वृत्तपत्राने आवाहन केल्यास माणसे नक्की पुढे येतील. मी स्वतः निवृत्तीनंतर मोडी शिकले आहे आणि आठवड्यातून दोन दिवस दप्तरात बसण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा