मेडिकलवाल्या ताईंना, नानांच्या पिशवीबद्दल

प्रिय ताई,

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी भर दुपारी तोंडाला ओढणी गुंडाळून एक बाई तुमच्या काउंटरवर आली होती आणि "पायाची सूज उतरायची गोळी द्या, लवकर" म्हणत होती. ती मी. तुम्ही गोळी दिलीच नाही. "कोणाला? वय काय? आणखी काय काय चालू आहे?" असं विचारत बसलात. खरं सांगते, मला राग आला होता. अमळनेरच्या त्या उन्हात कोणाला चौकश्या सुचतात?

"घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या घेऊन या, आणि जमलं तर वडिलांनाही आणा," तुम्ही म्हणालात. पाण्याची गोळी, म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, हेही सांगितलंत.

नाना ७२ वर्षांचे. सणाला मी माहेरी आले तेव्हा दारातच त्यांचे घोटे दिसले होते. बोट दाबलं की खळगा पडायचा. खाटेवरून उठताना भिंत धरायचे. विचारलं तर एकच उत्तर, "काय व्हयेल शे माले? ऊन शे." ऊन होतंच, म्हणून आम्हीही मान डोलावली. आई कुरडयांच्या चिकात कोपरापर्यंत बुडालेली, तिला तरी कुठे सवड.

कापसाच्या बियाण्याच्या रिकाम्या थैलीत नाना औषधं ठेवतात. ती तुम्ही काउंटरवर पालथी केलीत आणि चष्मा वर सरकवून प्रत्येक पट्टीची मागची बारीक अक्षरं वाचलीत. मी इतकी शिकलेली, पण मी कधी पुढच्या ठळक नावापलीकडे गेले नव्हते. एक बीपीची जुनी गोळी, अॅम्लोडिपिन ५ एमजी, सकाळ-संध्याकाळ. दुसरीही बीपीचीच, दोन महिन्यांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी दिलेली, टेल्मिसार्टन ४० आणि त्यातच पुन्हा अॅम्लोडिपिन ५. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून नानांच्या लेखी औषधंही वेगळी. नवीन सुरू झाली, पण जुनी बंद करायची हे कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

तुम्ही पाकिटावर पेनाने बेरीज मांडलीत: ५ + ५ + ५ = १५. खाली लिहिलंत, "दिवसाला जास्तीत जास्त १०". मोठ्या माणसाला साधारण ५ पासून सुरुवात करतात, अंगाने बारीक, थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला अडीचपासून, आणि १० च्या पुढे जात नाहीत, हे मला तेव्हा कळलं. सुजेचंही कोडं सुटलं. या गोळीने बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यातून पाणी पायात झिरपतं, आणि डोस वाढला की सूजही वाढते. म्हणजे मी मागत होते ती लघवीची गोळी त्या सुजेवर फारशी चालली नसती, वर उन्हाने आधीच सुकलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी तेवढं गेलं असतं.

मग तुम्ही बीपी मोजलंत. बसून १०४/६०. उभं करून ८८/५४. तुमचा चेहरा बदलला तो मी पाहिला. नानांना स्टुलावर बसवून तुम्ही तिथूनच डॉक्टरांना फोन लावलात. त्यांनी जुनी गोळी बंद केली, नवीन तेवढी ठेवली आणि दोन दिवसांनी दाखवायला बोलावलं. माझ्या मनात तर सगळ्याच गोळ्या उकिरड्यावर टाकायचं आलं होतं. "तसं अजिबात करू नका, बीपी उसळेल," हे तुम्ही वेळेवर बोललात.

नानांनी त्या दिवशी आणखी एक कबुली दिली. एखाद्या दिवशी गोळी राहिली की दुसऱ्या दिवशी ते दोन घ्यायचे, "हिशोब बरोबर" करायला! शेतकऱ्याचा हिशोब, उधारी ठेवायची नाही. तुम्ही हसला नाहीत. हे औषध अंगातून अर्धं उतरायलाच ३० ते ५० तास लागतात, म्हाताऱ्या माणसात त्याहून जास्त, म्हणून राहिलेली गोळी भरून काढायची नसते, असं समजावलंत. मुलीचं न ऐकणाऱ्या माणसाने तुमचं निमूट ऐकलं. जरा वाईट वाटलं मला, पण असो.

चक्कर आठवड्याभरात कमी झाली. घोटे उतरायला अजून थोडे दिवस लागले.

वैशाख एकादशीला सखाराम महाराजांचा रथ निघाला, तेव्हा नाना गर्दीपासून लांब, एका ओट्यावर बसून, पण दर्शन घेऊन आले. परतताना तुमच्या दुकानाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या पोरीले कुरडया दी ये." तुमचं शटर तेव्हा बंद होतं. डबा आईकडे भरून ठेवला आहे. पाकिटावरची ती बेरीज मी देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटवली आहे, नानांना चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या उंचीवर.

तुमची,
नानांची मधली मुलगी