दुधातलं स्ट्रॉन्शियम

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. महायुद्ध संपलं, कारखान्यांतल्या अमेरिकन बायकांना घरी धाडलं आणि पुढची वीस वर्षं त्या केक भाजत बसल्या, असं तू म्हणतोस. घरी धाडलं हे खरं. पुढचं मला पटत नाही.

१ नोव्हेंबर १९६१ ला सुमारे ६० शहरांतल्या बायकांनी एक दिवस घरकाम आणि नोकरी सोडून संप केला. नाव 'विमेन स्ट्राइक फॉर पीस', पुढाकार वॉशिंग्टनच्या डॅग्मार विल्सन यांचा. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायच्या त्या. मुख्य मागणी, अणुचाचण्या थांबवा. चाचणीतलं स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सर्गी द्रव्य पावसाबरोबर कुरणांवर पडायचं, गाईच्या दुधात उतरायचं आणि कॅल्शियमसारखं असल्यामुळे पोरांच्या हाडादातांत ठाण मांडायचं. सेंट लुइसमध्ये डॉ. लुइझ रीस यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवून त्यांतलं स्ट्रॉन्शियम मोजायचं काम चालवलं होतं. दात देणाऱ्या पोराला बिल्ला मिळे!

खरी बहार आली डिसेंबर १९६२ मध्ये. 'अमेरिकाविरोधी कारवायां'ची चौकशी करणारी काँग्रेसची समिती, जिच्या नावानं भल्याभल्यांना घाम फुटायचा, तिनं कम्युनिस्टांच्या शिरकावाच्या संशयावरून या बायकांना साक्षीला बोलावलं. बायका ठेवणीतले कपडे घालून, लेकरं कडेवर घेऊन हजर. पहिल्या साक्षीदार बाईंचं नाव पुकारताच सगळ्या उठून उभ्या राहिल्या. उभं राहायला मनाई झाली, तर टाळ्या. टाळ्यांना मनाई झाली, तर साक्ष द्यायला जाणारीच्या हातात फुलं. संघटनेत कम्युनिस्टांना येऊ देणार का, असं विचारल्यावर विल्सनबाईंनी कुणालाही अडवायला नकार दिला. हसं झालं ते समितीचं.

१९६३ मध्ये वातावरणातल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला. श्रेय एकट्या त्यांचं नाही, अणुयुद्धाच्या तोंडाशी नेणाऱ्या १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगानं सगळेच हादरले होते. पण 'आम्ही साध्या आया' हे त्यांचं चिलखत होतं, आणि ते त्यांनी समजून-उमजून चढवलं होतं, असं माझं मत.

गोची अशी की ज्यांना आईपणाच्या पलीकडे हक्क हवे होते, त्यांना हेच काचलं. जानेवारी १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातल्या बायका अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री जॅनेट रँकिन यांच्या नावानं वॉशिंग्टनला जमल्या, तेव्हा तरुण मुलींनी चक्क 'पारंपरिक स्त्रीत्वा'ची प्रेतयात्रा काढली. थोरल्यांना ते झोंबलं असणार. मला मुलींचा राग समजतो, तरी थोरल्यांना बावळट म्हणवत नाही. त्यांच्यातल्याच बेला ॲबझग १९७० मध्ये काँग्रेसवर निवडून आल्या आणि तिथे समान हक्कांसाठी भांडल्या.

तू कुणाच्या बाजूला उभा राहिला असतास, कळव. वहिनींनाही विचार, आणि त्यांचं उत्तर तुझ्या शब्दांत नको, त्यांच्याच हातचं पाठव.

तुझीच,
जुनी भांडखोर मैत्रीण